तिचा वकील कोणी निवडायचा? ब्रिटनी स्पिअर्सच्या कॉन्झर्व्हेटरशिपचे प्रकरण

१४ जुलै २०२१ रोजी लॉस एंजेलिसच्या प्रोबेट कोर्टाने (वारसा, संपत्ती आणि पालकत्वाची प्रकरणे पाहणाऱ्या न्यायालयाने) ब्रिटनी स्पिअर्सला स्वतःच्या पसंतीचा वकील करायला परवानगी दिली. तेव्हा ती ३९ वर्षांची होती, दोन मुलांची आई होती आणि जगातल्या सर्वांत ओळखीच्या पॉप गायिकांपैकी एक होती. त्यानंतर चार महिनेही पूर्ण व्हायच्या आत, १२ नोव्हेंबरला, तिच्या आयुष्यावर १३ वर्षे ९ महिने लादलेली कॉन्झर्व्हेटरशिप, म्हणजे तिचे निर्णय दुसऱ्यांनी घेण्याची कायदेशीर व्यवस्था, त्याच कोर्टाने संपवली.

या प्रकरणावर अमाप लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे लिखाण बापलेकीच्या नात्यावर, कॅमेरे घेऊन पाठलाग करणाऱ्या छायाचित्रकारांवर किंवा चाहत्यांच्या चळवळीवर आहे. ते सगळे महत्त्वाचे आहेच. पण कोर्टाच्या तारखा ओळीने लावून वाचल्या की माझे लक्ष पुन्हा पुन्हा एकाच घटनेपाशी अडते. फेब्रुवारी २००८ मध्ये ब्रिटनीला एक वकील करायचा होता आणि कोर्टाने त्याला तिच्या बाजूने उभे राहू दिले नाही. पुढच्या तेरा वर्षांचे मूळ मला त्या एका नकारात दिसते. म्हणून हे प्रकरण मी त्याच बाजूने मांडतो आहे.

२००८ पर्यंत

ब्रिटनीचा जन्म २ डिसेंबर १९८१ चा, मिसिसिपी राज्यातल्या मॅकॉम्बचा. ती वाढली लुइझियानातल्या केंटवूड या छोट्या गावात. अकरा-बारा वर्षांची असताना तिला डिस्ने वाहिनीच्या ‘मिकी माउस क्लब’मध्ये जागा मिळाली. तिथे तिच्यासोबत जस्टिन टिंबरलेक, क्रिस्टिना अ‍ॅग्विलेरा आणि रायन गॉस्लिंग होते. पुढे जाइव्ह रेकॉर्ड्सने तिला करारबद्ध केले. १९९८ च्या अखेरीस ‘बेबी वन मोअर टाइम’ हे पहिले गाणे आले, जानेवारी १९९९ मध्ये त्याच नावाचा अल्बम आला आणि तो थेट बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ती सतरा वर्षांची होती.

इथपासून पुढची आठ वर्षे तिचे खासगी म्हणावे असे काही उरले नाही. २००४ मध्ये लग्न, सप्टेंबर २००५ आणि सप्टेंबर २००६ मध्ये दोन मुलगे, नोव्हेंबर २००६ मध्ये घटस्फोटाचा अर्ज, फेब्रुवारी २००७ मध्ये स्वतःच्या हाताने केस भादरतानाची ती छायाचित्रे, ऑक्टोबर २००७ मध्ये मुलांचा ताबा त्यांच्या वडिलांकडे, म्हणजे तिच्या माजी नवऱ्याकडे. त्याच ऑक्टोबरमध्ये तिचा ‘ब्लॅकआउट’ हा अल्बम आला, ज्याला आज बरेच समीक्षक तिचे सर्वांत धाडसी काम मानतात. म्हणजे कलावंत म्हणून ती उभी होती आणि आई म्हणून कोसळत होती, आणि दोन्ही एकाच वेळी कॅमेऱ्यांसमोर चालले होते.

३ जानेवारी २००८ च्या रात्री मुलांना परत पाठवण्यावरून घरी पेचप्रसंग झाला, पोलीस आले आणि तिला रुग्णालयात नेण्यात आले. ३१ जानेवारीला पुन्हा तसेच झाले. कॅलिफोर्नियात मनोरुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध ७२ तासांपर्यंत रुग्णालयात ठेवता येते. कायद्याच्या कलमावरून त्याला ‘५१५०’ म्हणतात. या दुसऱ्या भरतीच्या दुसऱ्याच दिवशी, १ फेब्रुवारीला, तिचे वडील जेमी स्पिअर्स यांच्या अर्जावर कोर्टाने तात्पुरती कॉन्झर्व्हेटरशिप मंजूर केली.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. जानेवारी २००८ मध्ये तिला मदतीची गरज होती याबद्दल मला शंका नाही. कुटुंबाने घाबरून कोर्टात धाव घेतली असेल तर ते समजण्यासारखे आहे. प्रश्न पुढच्या पायऱ्यांचा आहे.

दोन वाटा, त्यातली निवडलेली

कॉन्झर्व्हेटरशिप म्हणजे प्रौढ व्यक्तीचे निर्णय घेण्याचा अधिकार कोर्टाने दुसऱ्या कोणाकडे सोपवणे. कॅलिफोर्नियात याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि हा फरक कळल्याशिवाय हे प्रकरण समजत नाही.

पहिली वाट मानसिक आरोग्याच्या कायद्यातली. लँटरमन-पेट्रिस-शॉर्ट या तीन आमदारांच्या नावाने तो कायदा ओळखला जातो. गंभीर मानसिक आजारामुळे जो माणूस स्वतःच्या अन्न, वस्त्र, निवाऱ्याचेही पाहू शकत नाही, त्याच्यासाठी ती आहे. तिची मुदत एक वर्षाची. वर्ष सरले की ती आपोआप संपते. चालू ठेवायची असेल तर पुन्हा अर्ज करायचा आणि गरज आहे हे पुन्हा सिद्ध करायचे. सिद्ध करण्याचे ओझे अधिकार मागणाऱ्यावर.

दुसरी वाट प्रोबेट कोर्टाची. ही प्रामुख्याने वापरली जाते ती वयोवृद्ध, स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा कायमचे बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांसाठी. तिला मुदत नसते. कोर्टाचा तपासनीस ठराविक काळाने भेट देऊन अहवाल देतो, पण ती संपते ती कोर्टाच्या आदेशाने किंवा त्या व्यक्तीच्या मृत्यूने. स्मृतिभ्रंश उलटत नाही, त्यामुळे अशा रुग्णांच्या बाबतीत मुदत नसणे समजू शकते. ब्रिटनी तेव्हा २६ वर्षांची होती आणि तिची अडचण कितीही गंभीर असली तरी ती एका कठीण काळातली होती. तिला या दुसऱ्या वाटेने नेण्यात आले. म्हणजे वर्ष संपल्यावर कोणीतरी पुन्हा येऊन कोर्टाला पटवून द्यावे लागेल, ही सोयच राहिली नाही. जे चालू आहे ते चालूच राहणार, आणि थांबवायचे असेल तर तिने हालचाल करायची.

प्रोबेटच्या वाटेचे आणखी दोन भाग पडतात: व्यक्तीची कॉन्झर्व्हेटरशिप आणि संपत्तीची. पहिल्यात राहणे, औषधोपचार, सुरक्षा, भेटीगाठी. दुसऱ्यात पैसा, करार, मालमत्ता. जेमी स्पिअर्स यांच्याकडे दोन्ही आले. संपत्तीच्या बाजूला त्यांच्या जोडीला वकील अँड्र्यू वॉलेट यांची नेमणूक झाली.

फेब्रुवारी २००८ चे ते काही दिवस

अशा तात्पुरत्या अर्जाची सूचना संबंधित व्यक्तीला पाच दिवस आधी द्यावी, असा नियम आहे. सबळ कारण असेल तर कोर्ट ही अट माफ करू शकते. इथे ती माफ झाली. कारण असे दिले गेले की तिच्या भोवती वावरणारा एक मित्र तिच्यावर दबाव आणतो आहे आणि आगाऊ सूचना गेली तर तो काही विपरीत करेल. अर्ज आला तेव्हा ब्रिटनी रुग्णालयात होती.

रुग्णालयातून तिने अ‍ॅडम स्ट्रायसँड या वकिलाशी संपर्क साधला. स्ट्रायसँड हे वारसा आणि संपत्तीच्या दाव्यांतले मुरलेले वकील. त्यांनी नंतर सांगितले त्यानुसार ब्रिटनीचे म्हणणे आश्चर्य वाटावे इतके संयमाचे होते. कॉन्झर्व्हेटरशिप टळणार नाही हे तिने स्वीकारले होते. तिची विनंती एकच होती: वडील नकोत, त्यांच्या जागी एखादी तटस्थ, व्यावसायिक व्यक्ती नेमा. हे ऐकून घ्यायला कोर्टाला काय अडचण होती? स्ट्रायसँड कोर्टात उभे राहिले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की कोर्टाकडे वैद्यकीय अहवाल आहे आणि त्यानुसार ब्रिटनीला वकील करण्याची क्षमता नाही. तो अहवाल त्यांना दाखवला गेला नाही. त्यांना परत जावे लागले.

कोर्टाने स्वतःच्या यादीतून सॅम्युएल इंगम यांना तिचे वकील म्हणून नेमले. पुढची तेरा वर्षे तेच तिचे वकील राहिले.

हा निर्णय कायद्याच्या चौकटीत बसत होता, हे कबूल करायला हवे. ज्याची निर्णयक्षमताच वादात आहे, त्याने नेमलेला वकील खरोखर त्याने नेमला की त्याच्यावर डोळा ठेवून बसलेल्या कोणी नेमून दिला, हा प्रश्न न्यायाधीशाला पडणे रास्त आहे. वृद्धांची संपत्ती लाटणारे लोक हाच मार्ग वापरतात: आपलाच वकील आणतात आणि ‘यांचीच इच्छा आहे’ असे सांगतात. पण या शंकेवर उपाय होता. वकिलाची उलटतपासणी घ्या, तो कोणाच्या सांगण्यावरून आला ते विचारा, ब्रिटनीला बंद दालनात बोलवून विचारा. यातले काहीही न करता थेट नकार देण्याचा परिणाम भयंकर होता, कारण त्यामुळे एक चक्र पूर्ण झाले. तुला क्षमता नाही म्हणून तुला वकील करता येणार नाही, आणि क्षमता आहे हे दाखवून द्यायला तुझ्याकडे तुझा वकील नाही.

ऑक्टोबर २००८ मध्ये तात्पुरती व्यवस्था कायम झाली.

अक्षम ठरवलेली आणि कामावर पाठवलेली

आता या प्रकरणाचा तो भाग, जो वाचताना आजही राग येतो.

कॉन्झर्व्हेटरशिप लागून दोन महिने व्हायच्या आत, मार्च २००८ मध्ये, ब्रिटनी सीबीएस वाहिनीवरच्या ‘हाउ आय मेट युवर मदर’ या लोकप्रिय मालिकेत पाहुणी कलाकार म्हणून दिसली. सप्टेंबरमध्ये एमटीव्हीच्या सोहळ्यात तिला तीन पुरस्कार मिळाले. डिसेंबरमध्ये ‘सर्कस’ हा नवा अल्बम बाजारात होता. २००९ मध्ये त्याच नावाचा जगभराचा दौरा झाला, ९७ प्रयोगांचा. त्याची तिकीटविक्री १३ कोटी डॉलरच्या पुढे गेली. २०११ मध्ये पुन्हा अल्बम, पुन्हा दौरा. २०१२ मध्ये ‘एक्स फॅक्टर’ या कार्यक्रमात ती परीक्षक होती, म्हणजे दुसऱ्यांच्या गुणवत्तेचा निवाडा करण्याच्या खुर्चीत. त्या एका मोसमाचे तिचे मानधन दीड कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या.

आणि मग लास व्हेगस. डिसेंबर २०१३ पासून डिसेंबर २०१७ पर्यंत प्लॅनेट हॉलिवूडमध्ये ‘पीस ऑफ मी’चे २४८ प्रयोग झाले. तिकिटांचे एकूण उत्पन्न सुमारे १३ कोटी ८० लाख डॉलर. अशा कार्यक्रमाला ‘रेसिडेन्सी’ म्हणतात: गायिका शहरोशहरी जात नाही, प्रेक्षक तिच्याकडे येतात. पण तितकेच तास, तितकाच नाच, तितक्याच तालमी. ज्यांनी मंचावरचे काम जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक असते की दीड तासाच्या नृत्यप्रयोगामागे स्मरणशक्ती, शिस्त, शरीराची जाण आणि डझनावारी लोकांशी समन्वय लागतो. हे सगळे करणारी स्त्री स्वतःचा डॉक्टर निवडायला, स्वतःच्या गाडीतून हवे तिथे जायला, स्वतःच्या पैशाने काही घ्यायला मात्र असमर्थ, असे कागद म्हणत होते.

या कमाईतून कोणाला काय मिळत होते, ते कोर्टाच्या कागदांतूनच कळते. जेमी स्पिअर्स यांना महिना १६,००० डॉलर पगार आणि कार्यालयाच्या खर्चासाठी आणखी २,००० डॉलर. शिवाय ‘पीस ऑफ मी’च्या ढोबळ उत्पन्नावर दीड टक्का. स्वतः ब्रिटनीला २०१६ च्या सुमारास आठवड्याला २,००० डॉलर खर्चायला मिळत. २०१८ मध्ये सह-कॉन्झर्व्हेटर वॉलेट यांनी वर्षाला ४,२६,००० डॉलर मेहनताना मागितला. त्या अर्जात त्यांनी या कॉन्झर्व्हेटरशिपकडे एक संमिश्र व्यावसायिक उपक्रम म्हणून पाहावे, असे सुचवले होते. असहाय माणसाच्या संरक्षणासाठी केलेली व्यवस्था दहा वर्षांनी धंदा म्हणून वर्णिली जाते आणि हे कोर्टात दाखल केलेल्या कागदावर लिहिले जाते, यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा होता?

कायदाच असा आहे की कॉन्झर्व्हेटर, त्याचे वकील, संरक्षित व्यक्तीचा कोर्टनियुक्त वकील, सगळ्यांचा खर्च त्या व्यक्तीच्या संपत्तीतून द्यायचा, कोर्टाच्या मंजुरीने. गरीब माणसाच्या प्रकरणात यामुळे फारसे काही बिघडत नाही, कारण वाटायला काही नसतेच. पण सुमारे सहा कोटी डॉलरची संपत्ती आणि चालू कमाई असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत त्याचा अर्थ बदलतो. तिच्याविरुद्ध लढणारे वकीलही तिच्याच पैशावर लढतात. २०२१ मध्ये वडिलांच्या एका वकील कंपनीने सुमारे चार महिन्यांच्या कामाचे ८,९०,००० डॉलर मागितले. त्यात प्रसारमाध्यमांना उत्तरे देण्याच्या कामाचाही समावेश होता. व्यवस्था संपावी असे वाटण्यात आर्थिक हित असलेली व्यक्ती त्या दालनात एकच होती, आणि तिलाच आपला माणूस आणायला मनाई होती.

आतून येणारे आवाज

बाहेरच्यांचा समज असा होता की ब्रिटनीची या व्यवस्थेला मूक संमती आहे. ती मुलाखतींत काही बोलत नव्हती, हसतमुख दिसत होती. जून २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कोर्टाचे गोपनीय कागद मिळवून छापले आणि तो समज कोसळला.

२०१४ मधल्या एका बंद सुनावणीत इंगम यांनी कोर्टाला सांगितले होते की ब्रिटनीला वडिलांना हटवण्याचा विचार करायचा आहे. वडिलांचे मद्यपान हे एक कारण त्यांनी दिले होते. २०१६ मध्ये कोर्टाच्या तपासनिसाने अहवालात नोंदवले की ही व्यवस्था आपल्यावर दडपण आणण्याचे आणि ताबा ठेवण्याचे साधन झाली आहे असे तिला वाटते, आणि ती लवकरात लवकर संपावी अशी तिची इच्छा आहे. तपासनिसाने तिचे आर्थिक व्यवहार गुंतागुंतीचे आहेत, ती दुसऱ्यांच्या प्रभावाखाली येऊ शकते आणि अधूनमधून अमली पदार्थांचा प्रश्न उद्भवतो, ही कारणे देऊन व्यवस्था चालू ठेवणे तिच्या हिताचे आहे असा निष्कर्ष काढला. मात्र तिला स्वातंत्र्याकडे नेणारा मार्ग आखायला हवा, असेही लिहिले.

हा अहवाल मी या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद मानतो. तक्रार ऐकली गेली, नीट लिहून घेतली गेली आणि फाइलला लागली. तपासनीस प्रामाणिक असावा. पण तपासनीस म्हणजे वकील नव्हे. त्याचे काम पाहून सांगण्याचे, भांडण्याचे नाही. २०१६ च्या त्या वाक्यांचा आधार घेऊन समाप्तीचा अर्ज ठोकणारा, वैद्यकीय अहवालांना दुसऱ्या डॉक्टरकडून आव्हान देणारा, हिशेब मागणारा माणूस तिच्याकडे असता तर पुढची पाच वर्षे वाचली असती. औपचारिक समाप्तीचा अर्ज मात्र २०२१ च्या उत्तरार्धापर्यंत कोणीच केला नाही.

इंगम यांच्यावर सगळा दोष ढकलावा असे मला म्हणायचे नाही. २०१४ मध्ये त्यांनी मुद्दा काढला होता आणि २०२० मध्ये त्यांनीच कोर्टाला सांगितले की ब्रिटनीला वडिलांची भीती वाटते आणि कारभार त्यांच्या हाती असेपर्यंत ती मंचावर जाणार नाही. पण कोर्टाने नेमलेला वकील त्याच कोर्टाच्या नेमणुकांवर अवलंबून असतो, रोज त्याच लोकांसमोर उभा राहतो, आणि ‘अशिलाला काय हवे’ याऐवजी ‘अशिलाचे हित कशात’ या विचाराकडे नकळत झुकतो. व्यक्ती कितीही सज्जन असली तरी रचनाच तशी आहे.

२०१९ ते जून २०२१

जानेवारी २०१९ मध्ये लास व्हेगसचा दुसरा मोठा कार्यक्रम, ‘डॉमिनेशन’, रद्द झाल्यासारखा पुढे ढकलला गेला. कारण वडिलांच्या आजारपणाचे सांगण्यात आले. वसंतात ती मानसिक आरोग्याच्या एका केंद्रात असल्याची बातमी आली. एप्रिलमध्ये दोन चाहत्यांच्या पॉडकास्टवर एका निनावी माणसाचा ध्वनिसंदेश वाजवला गेला. आपण या प्रकरणाशी संबंधित वकिलाच्या कार्यालयात काम केले आहे, असे तो सांगत होता, आणि तिला तिच्या इच्छेविरुद्ध तिथे ठेवल्याचा त्याचा दावा होता. ‘फ्री ब्रिटनी’ ही घोषणा चाहत्यांमध्ये २००९ पासून होती. आता ती कोर्टाच्या दारात आली.

मार्च २०१९ मध्ये वॉलेट बाजूला झाले. सप्टेंबरमध्ये जेमी स्पिअर्स प्रकृतीचे कारण देऊन व्यक्तीच्या कॉन्झर्व्हेटरपदावरून तात्पुरते हटले आणि तिथे जोडी माँटगोमेरी या व्यावसायिक कॉन्झर्व्हेटर आल्या. संपत्ती वडिलांकडेच राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायाधीश ब्रेंडा पेनी यांनी वडिलांना हटवायला नकार दिला, पण बेसेमर ट्रस्ट ही संपत्तीचे व्यवस्थापन करणारी संस्था त्यांच्या जोडीला नेमली. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचा माहितीपट आला आणि हा विषय चाहत्यांच्या वर्तुळाबाहेर गेला.

२३ जून २०२१ ला ब्रिटनी दूरस्थ पद्धतीने कोर्टासमोर बोलली. वीस मिनिटांहून अधिक काळ. सुनावणी बंद दाराआड ठेवू नका, असा तिचा आग्रह होता. इतक्या वेगाने बोलत होती की नोंद घेणाऱ्यांसाठी तिला सावकाश बोलायला सांगावे लागले. २०१८ चा दौरा धमकी देऊन करायला लावला, तालमीत एका नृत्यहालचालीला नकार दिल्यानंतर औषध बदलून लिथियम सुरू केले, तिच्या मनाविरुद्ध उपचारकेंद्रात ठेवले, लग्न करायचे आहे आणि मूल हवे आहे पण शरीरात बसवलेले गर्भनिरोधक साधन काढायला डॉक्टरकडे जाऊ देत नाहीत, असे तिने सांगितले. वडिलांच्या बाजूने हे आरोप मान्य केले गेले नाहीत. त्यांनी जे केले ते मुलीच्या प्रेमापोटी आणि तिला वाचवण्यासाठी केले, अशी त्यांच्या वकिलांची भूमिका कायम राहिली.

पण त्या जबाबातले माझ्या मते सर्वांत धक्कादायक वाक्य गर्भनिरोधकाबद्दलचे नव्हते. ती म्हणाली की कॉन्झर्व्हेटरशिप संपवण्यासाठी आपण अर्ज करू शकतो हे आपल्याला माहीतच नव्हते. कायद्याने दिलेला हा अगदी प्राथमिक हक्क. तेरा वर्षे वकील असलेली व्यक्ती हे भर कोर्टात सांगते. वकील कोर्टाने नेमून दिला की अशिलाची बाजू आपोआप सांभाळली जाते, हा समज त्या एका वाक्याने मोडीत निघाला.

चार महिने

जबाबानंतर सगळे वेगाने हलले. १ जुलैला बेसेमर ट्रस्टने अंग काढून घेण्याचा अर्ज केला. ६ जुलैला इंगम यांनी राजीनामा दिला. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संघटनेने, वकील निवडण्याचा तिचा हक्क मान्य करावा, असे निवेदन कोर्टात दिले. आणि १४ जुलैला मॅथ्यू रोझेनगार्ट तिचे वकील झाले. ते पूर्वी केंद्र सरकारचे अभियोक्ता होते.

त्यांनी बारा दिवसांत वडिलांना हटवण्याचा अर्ज दाखल केला. ऑगस्टमध्ये जेमी स्पिअर्स यांनी योग्य वेळी पद सोडायची तयारी दाखवली. ७ सप्टेंबरला त्यांनी स्वतःच कॉन्झर्व्हेटरशिप संपवण्याचा अर्ज केला. म्हणजे जे २००८ पासून अत्यावश्यक होते ते अचानक अनावश्यक ठरले. रोझेनगार्ट यांनी आधी निलंबन, मग समाप्ती असा क्रम धरला, कारण निलंबन झाले की हिशेबाची कागदपत्रे नव्या व्यक्तीकडे जातात. २९ सप्टेंबरला न्यायाधीश पेनी यांनी वडिलांना निलंबित करून हिशेबतपासनीस जॉन झेबल यांना तात्पुरते नेमले. १२ नोव्हेंबरला सुनावणी अर्ध्या तासाच्या आसपास आटोपली. कोणतीही नवी मानसिक तपासणी न मागता कॉन्झर्व्हेटरशिप संपली.

हे सगळे एका वकिलामुळे झाले असे मी म्हणत नाही. जनमताचा रेटा प्रचंड होता, आणि पहिला दरवाजा ब्रिटनीने स्वतः बोलून उघडला. पण २०२० मध्येही जनमत होते, तक्रारी होत्या, वडिलांना हटवण्याची मागणीही होती, आणि कोर्टाने नाहीच म्हटले होते. २०२१ मध्ये तिच्या बाजूचा माणूस फक्त तिला बांधील होता, हा फरक उरतो.

कायद्यात काय बदलले

निलंबनाच्या दुसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबर २०२१ ला, कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी विधेयक ११९४ वर सही केली. त्यात नेमका २००८ चा प्रश्न सोडवला आहे: क्षमता वादात असली तरी त्या व्यक्तीला पसंतीचा वकील करता येतो. गैरवर्तन करणाऱ्या कॉन्झर्व्हेटरला दंडाची तरतूदही आली. बरोबर एक वर्षाने, ३० सप्टेंबर २०२२ ला, विधेयक १६६३ वर सही झाली. कॉन्झर्व्हेटरशिप मागण्याआधी कमी बंधनकारक पर्याय तपासले का, हे आता कोर्टाला सांगावे लागते. त्यात ‘सहाय्याने निर्णय’ या पद्धतीला कायदेशीर मान्यता मिळाली. त्या पद्धतीत निर्णय व्यक्तीच घेते, विश्वासातले लोक तिला माहिती समजून घ्यायला मदत करतात.

अमेरिकेत अशा व्यवस्थेखाली अंदाजे तेरा लाख प्रौढ असल्याचे सांगितले जाते. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या सुधारणा बाकीच्यांना लागू नाहीत. २०२१ मध्ये केंद्रीय कायद्याचाही प्रस्ताव आला होता, तो मंजूर झाला नाही. आणि मला सतत सतावणारी गोष्ट ही की त्या तेरा लाखांतल्या बहुतेकांसाठी कोर्टाबाहेर कोणी फलक घेऊन उभे राहत नाही, कोणते वर्तमानपत्र त्यांचे गोपनीय कागद मिळवत नाही. त्यांच्यासाठी वकिलाचा हक्क हाच एकमेव मार्ग आहे.

कॉन्झर्व्हेटरशिप संपली तरी फीचा वाद संपला नव्हता. जेमी स्पिअर्स यांच्या वकिलांचे देणे मुलीच्या संपत्तीतून द्यावे की नाही, आणि वडिलांनी कारभार नीट केला का, हे प्रश्न कोर्टात प्रलंबित राहिले. एप्रिल २०२४ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. अटी जाहीर झाल्या नाहीत. ब्रिटनीच्या बाजूने सांगण्यात आले की पुन्हा कोर्टात जावे लागू नये, ही तिची इच्छा होती आणि ती पूर्ण झाली. त्यामुळे तेरा वर्षांच्या कारभाराचा हिशेब खुल्या सुनावणीत कधीच तपासला गेला नाही.